संगणक, स्ट्रीमर आणि कुंभाराचं गाढव

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गाला शोभणारा नाही, असं काहींना वाटेल. पण मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यांत चार-पाच जणांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली होती. घरात गाणं ऐकायचं आहे. त्यासाठी एखादा जुना कॉम्प्युटर ॲम्प्लिफायरला आणि टीव्हीला कायमचा जोडून ठेवावा, की बाजारात 'म्युझिक स्ट्रीमर' म्हणून वेगळं यंत्र मिळतं ते घ्यावं? एकाने तर लिहिलं, "सर, तुम्ही आम्हाला कार्यकारणभाव शिकवला, आता एवढं सांगा." म्हटलं, हा टोमणा असो की आदर, उत्तर तर द्यायला पाहिजे.

आधी दोन्ही गोष्टी म्हणजे काय ते बघू, कारण नावं मोठी आणि वस्तू साधी आहे. पहिला प्रकार म्हणजे मीडिया सेंटर. साधा कॉम्प्युटर, त्यात हार्ड डिस्कवर गाणी, वर कोडीसारखं एखादं सॉफ्टवेअर. पडद्यावर यादी दिसते, रिमोटने किंवा माउसने गाणं लावायचं. त्याच कॉम्प्युटरवर सिनेमा पाहता येतो, पत्र टाइप करता येतं, नातवाचा निकाल बघता येतो. दुसरा प्रकार म्हणजे स्ट्रीमर. ही एक छोटी डबी. आत बारका कॉम्प्युटरच असतो, पण तो फक्त एक काम करतो: वायफायवरून किंवा पेनड्राइव्हवरून गाण्याची फाइल घेतो आणि ॲम्प्लिफायरकडे देतो. पडदा बहुधा नसतो. मोबाइलमधल्या ॲपवरून त्याला हुकूम सोडायचा.

म्हणजे प्रश्न असा होतो: अनेक कामांचं एक हत्यार बरं, की एका कामाचं एक? हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच पुस्तकात तो येतो. डेल्फीचे लोहार एक सुरी बनवत, जी अनेक कामांना चाले. ॲरिस्टॉटलला ते कंजूषपणाचं लक्षण वाटतं. त्याचं म्हणणं, निसर्ग असा चिक्कू नाही. तो एका कामाला एक वस्तू देतो, आणि हत्यार एकाच कामाचं असेल तेव्हाच ते उत्तम होतं. (पुढे तो ही गोष्ट स्त्रिया आणि गुलाम यांच्यासंबंधी वापरतो, ते आपण सोडून देऊ. चांगला दाखला वाईट निष्कर्षासाठी वापरला जातो, याचं ते उदाहरण आहे.) स्ट्रीमर विकणारे जे बोलतात ते सगळं या एका परिच्छेदात आलेलं आहे.

पण 1936 साली ॲलन ट्युरिंगने एक निबंध लिहिला आणि ॲरिस्टॉटलचं हे म्हणणं एका क्षेत्रापुरतं उलटं केलं. ठरावीक पायऱ्यांच्या रीतीने जे जे काम करता येतं, ते सगळं एकच यंत्र करू शकतं; यंत्र बदलायचं नाही, फक्त त्याला दिलेल्या सूचना बदलायच्या. आज घरात जो कॉम्प्युटर आहे तो या कल्पनेचा वंशज. गंमत अशी की स्ट्रीमरच्या डबीतसुद्धा तेच यंत्र बसलेलं आहे, फक्त त्याचे हातपाय बांधलेले आहेत. म्हणजे आपण पैसे देतो ते क्षमतेचे नाहीत, क्षमता काढून घेतल्याचे आहेत! यात हसण्यासारखं काही नाही. देव्हाऱ्यातल्या समईवर आपण दूध तापवत नाही. काही वस्तू फक्त एकाच कामाच्या ठेवणं हासुद्धा माणसाचा एक निर्णय असतो.

आता लोकांचा खरा प्रश्न: आवाज कशाचा चांगला? इथे आम्हाला न्यायदर्शनाकडे वळावं लागतं, आणि ते आपल्या जिल्ह्याला धरूनच आहे. आपलं तेर हे गोरोबा काकांचं गाव. कुंभाराचं चाक आपल्याला वेगळं सांगायला नको. नैयायिकांनी कारणाची सगळी चर्चा या घड्यावरच केली. घडा कशामुळे होतो? मातीमुळे, चाकामुळे, दांड्यामुळे, कुंभारामुळे. मग कोणी विचारलं, माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली, ते गाढवही घड्याचं कारण का म्हणू नये? ते तर दरवेळी तिथे हजर असतं. नैयायिक म्हणतात, नाही. ते अन्यथासिद्ध आहे. माती बैलगाडीतून आली असती तरी घडा तोच झाला असता. तसाच दांड्याचा रंग अन्यथासिद्ध, आणि कुंभाराचा बापही अन्यथासिद्ध. त्याच्याशिवाय कुंभार झाला नसता हे खरं, पण घडा घडवताना त्याचा काही हात नाही.

ही कसोटी गाण्याच्या यंत्रांना लावून बघा. ध्वनी कशामुळे होतो? स्पीकरचा पडदा हलतो म्हणून. तो ॲम्प्लिफायरमुळे हलतो. ॲम्प्लिफायरला विजेची लहर मिळते ती आकड्यांचं लहरीत रूपांतर करणाऱ्या भागाकडून. त्याला डॅक म्हणतात. हे तिघे कारणं आहेत, यांत बदल केला की आवाज बदलतो. खोलीही कारण आहे. फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर असेल तर लाखाचा स्पीकरसुद्धा घुमतो. पण डॅकपर्यंत आकडे आणून टाकणारा जो आहे, मग तो कॉम्प्युटर असो की स्ट्रीमर, तो गाढव आहे. सीडीचा हिशेब करा. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, डावी-उजवी दोन बाजू. म्हणजे सेकंदाला 14 लाख 11 हजार 200 बिटं. आजच्या अगदी स्वस्त कॉम्प्युटरला हे ओझं म्हणजे गाढवाच्या पाठीवर मोरपीस. फाइल तीच, डॅक तोच आणि आकडे न बदलता पोचले, तर माती तीच आली. कोणाच्या पाठीवरून आली याने घड्यात फरक पडत नाही.

बाजारात जे बोललं जातं त्यातलं निम्मं दांड्याचा रंग आणि कुंभाराचा बाप या दोन सदरांत बसतं. ॲल्युमिनियमची जाड पेटी, सोनेरी पिन, आणि 'आमची कंपनी पन्नास वर्षं ध्वनीच्या क्षेत्रात आहे'. असेल बापडी. पडताळा घ्यायचा तर सोपी रीत आहे. दोन्ही यंत्रं एकाच डॅकला जोडा, दोन्हींचा आवाज अगदी सारखा करा, आणि ऐकणाऱ्याला पाठ करून बसवून दुसऱ्याने बदल करावा. आवाज सारखा करणं महत्त्वाचं, कारण जे किंचित मोठं वाजतं त्याला आपला कान 'चांगलं' म्हणतो. दुकानदारांना हे आपल्याआधी ठाऊक असतं.

मात्र नैयायिकांचं गाढव शांत होतं. कॉम्प्युटर नावाचं गाढव अधूनमधून लाथ मारतं, आणि हे सांगितलं नाही तर आमचं विवेचन अर्धवट राहील. लाथा तीन प्रकारच्या आहेत.

एक म्हणजे घरघर. कॉम्प्युटरचा चार्जर एका प्लगमध्ये, ॲम्प्लिफायर दुसऱ्यात, मध्ये तांब्याची तार. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला की त्या तारेतून वीज भलत्या वाटेने फिरते आणि स्पीकरमधून बारीक 'हूं' ऐकू येतं. आपल्या विजेची आवर्तनं सेकंदाला 50, त्यामुळे हा आवाज खालच्या पट्टीत असतो. सिनेमाच्या गाण्यात तो बुडून जातो. पण विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, तानपुऱ्याच्या खर्जाखाली, हा दुसरा बेसुरा खर्ज असा काही बसतो की जीव नकोसा होतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष तिथेच. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावून बघा. नाहीतर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून भानगडच मिटते. काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसं अजिबात करू नका. तो जिवाशी खेळ आहे.

दुसरी लाथ सूक्ष्म आहे. विंडोजमध्ये गाण्याचा आवाज, सूचनांची टिंगटिंग, ब्राउझरमधला व्हिडिओ, हे सगळं एका ठिकाणी मिसळलं जातं, आणि मिसळताना सगळ्यांचे नमुने एकाच वेगावर आणले जातात. तो वेग 48,000 ठेवलेला असेल तर सीडीचे 44,100 नमुने पुन्हा मोजून नवे बनवले जातात. माती वाटेत चाळून, पाणी घालून आली असं म्हणा. आजकाल हे चाळणं इतकं चांगलं होतं की सहसा कानाला कळत नाही. पण टाळताही येतं. फूबारसारख्या प्लेअरमध्ये एक्स्क्लुझिव्ह मोड लावला की मधला मिसळणारा बाजूला होतो. टिंगटिंगही थांबते, आणि आमच्या दृष्टीने खरा फायदा तो आहे. बडा ख्याल रंगात आला असताना 'अपडेट तयार आहे' असं यंत्राने ओरडावं, हा अपराध कुठल्याही बिटांच्या फरकापेक्षा मोठा.

तिसरी लाथ म्हणजे पंखा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या पुढे पारा जातो, आणि जुन्या डेस्कटॉपचा पंखा उन्हाळाभर गिरणीसारखा चालतो. धूळ तर विचारू नका. बिनपंख्याचा छोटा पीसी घेतला तर हे दुखणं नाही. स्ट्रीमरमध्ये मुळात पंखा नसतो. या तिन्ही बाबतींत तो गरीब गाय आहे, हे मान्य करायला हवं.

विजेचं बिल एका वाक्यात: जुना डेस्कटॉप 70 वॅट घेत असेल तर रोज पाच तासांप्रमाणे महिन्याला साडेदहा युनिट, आणि 5 वॅटचा स्ट्रीमर चोवीस तास चालू ठेवला तरी साडेतीन युनिटांच्या आसपास. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर हा फरक बिलापेक्षा जास्त जाणवतो.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे सर स्ट्रीमर घ्या म्हणतात. थांबा. कारणाचा विचार झाला, आता काळाचा करू. आमच्या मते खरी मेख तिथे आहे.

अमेरिकेत स्लिम डिव्हायसेस नावाच्या कंपनीने स्क्वीझबॉक्स हे यंत्र काढलं. घरातल्या कॉम्प्युटरवरची गाणी वेगळ्या डबीतून वाजवण्याची कल्पना लोकांच्या घरात रुजवणाऱ्या पहिल्या काही यंत्रांतलं ते एक. 2006 साली लॉजिटेकने ती कंपनी घेतली, 2012 साली यंत्र बंद केलं. 2024 च्या सुरुवातीला त्याची ऑनलाइन सेवाही बंद झाली. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ 2015 साली आलं. स्वस्त होतं, उत्तम चालायचं. 2019 च्या जानेवारीत बंद. सोनोसने 2020 च्या जानेवारीत जाहीर केलं की जुन्या काही यंत्रांना मे महिन्यापासून नवं सॉफ्टवेअर मिळणार नाही. गिऱ्हाईक खवळलं, मग जुनी आणि नवी यंत्रं वेगवेगळी चालवण्याची सोय कंपनीला काढावी लागली. कॉम्प्युटरवाल्यांनी फुशारकी मारायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टने 2002 साली विंडोज एक्सपीची खास मीडिया सेंटर आवृत्ती काढली, आणि 2015 साली विंडोज 10 आलं तेव्हा मीडिया सेंटर काढून टाकलं.

दोन्हीकडे वस्तू मेल्या. पण मरण्याची रीत वेगळी आहे, आणि आमचा सगळा भर या फरकावर आहे. विंडोज मीडिया सेंटर गेलं तेव्हा हार्ड डिस्कवरची गाणी जागच्या जागी राहिली. लोकांनी कोडी टाकलं आणि पुढे ऐकू लागले. कोडीसुद्धा मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिलेलं. 2014 साली त्याने नाव बदललं आणि आज ते वाटेल त्या यंत्रावर चालतं. स्क्वीझबॉक्सच्या बाबतीतही असंच घडलं. त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर पहिल्यापासून खुलं होतं, म्हणून कंपनीने हात काढून घेतल्यावर वापरणाऱ्यांनीच ते सांभाळलं. आज लिरिअन म्युझिक सर्व्हर या नावाने ते जिवंत आहे, आणि जुन्या डब्या अजून वाजतात. जिथे फक्त डबी, तिचं ॲप आणि कंपनीचं खातं एवढंच असतं, तिथे कंपनीने पाठ फिरवली की हातात कागदावर ठेवायचं वजन उरतं.

आपल्याकडचं एक उदाहरण मात्र या नियमात बसत नाही, आणि ते आम्हाला आवडतं. सारेगामाने 2017 साली कारवान काढलं. पाच हजार जुनी गाणी आतच भरलेली, इंटरनेट नको, ॲप नको, चकती फिरवा आणि ऐका. शहाण्या लोकांनी नाकं मुरडली. पण म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी ते जाऊन बसलं. एका कामाची वस्तू कशी असावी याचा तो नमुना आहे: कंपनी उद्या नसली तरी ती डबी वाजेल. फक्त तिच्यात आपलं काही भरायचं असेल तर पेनड्राइव्हपलीकडे वाट नाही.

'आपलं काही' म्हणजे काय, ते आता सांगतो. लोहारा तालुक्यातल्या एका गावाहून आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कॅसेटींची पिशवी घेऊन आले होते. चाळीसेक कॅसेटी. 1980 नंतरच्या दहा-बारा वर्षांत त्यांच्या वडिलांनी सप्ताहातली भजनं आणि कीर्तनं साध्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जे झालं ते या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. त्या भजनी मंडळातले काही जण त्या पहाटे गेले. त्यांचे आवाज जगात त्या पिशवीशिवाय दुसरीकडे कुठेही नाहीत. मुलाने हौसेने वडिलांसाठी स्ट्रीमर आणला होता, चांगल्यापैकी. त्यांनी विचारलं, "सर, याच्यात कॅसेट कशी घालायची?"

आम्हाला क्षणभर उत्तर सुचलं नाही, कारण प्रश्न बावळटपणाचा मुळीच नव्हता. स्ट्रीमर हे ऐकण्याचं यंत्र आहे. त्याला भरता येत नाही. त्याच्या जगात प्रत्येक गाणं आधीच कोणीतरी, कुठेतरी, त्याच्यासाठी भरून ठेवलेलं असतं. सेवेच्या यादीत जे आहे ते ढीगभर आहे, पण लोहारा तालुक्यातलं भजनी मंडळ तिथे नाही. तुळजापूरच्या गोंधळ्यांनी अमुक साली अमुक घरी घातलेला गोंधळ तिथे नाही. आपल्या गावातल्या ख्वाजा शमसोद्दीन गाझींच्या उरुसात कोणी कव्वाली भरून ठेवली असेल, तीही नाही. जे विकलं गेलं ते आहे, जे गायलं गेलं ते नाही. ते यंत्रात आणायचं तर कॉम्प्युटरच लागतो.

म्हणून ज्यांच्या घरात अशा कॅसेटी आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. यंत्राच्या खरेदीपेक्षा हे तातडीचं आहे. कॅसेट लगेच लावू नका. पट्टी दाबून धरणारा छोटा फोमचा तुकडा जागेवर आहे का बघा, तो निघालेला असेल तर आवाज दबलेला येतो. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा, नाहीतर बाकीच्या कॅसेटींनाही लागेल. बरी असेल ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेपच्या लाइन-आउटमधून तार काढून कॉम्प्युटरला लावलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये द्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. 48,000 नमुने, 24 बिट ठेवा. 60 मिनिटांची कॅसेट साधारण एक जीबी होते. चाळीस कॅसेटी म्हणजे चाळीस जीबी. फ्लॅक केल्यावर आणखी कमी. फ्लॅकमध्ये एकही आकडा गळत नाही. एमपीथ्रीमध्ये गळतो, आणि कमी दर्जाची एमपीथ्री केली तर संबळाच्या प्रत्येक टिपरीच्या आधी एक अस्पष्ट फुसफूस येते. वाटण्यासाठी एमपीथ्री करा, ठेवण्यासाठी नको. आणि खरखर काढण्याच्या नादात मूळ प्रतीला हात लावू नका. साफसूफ करायची ती दुसऱ्या प्रतीवर. प्रती दोन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. घर पडू शकतं, हे या जिल्ह्याला समजावून सांगायला नको.

भरून ठेवलेलं गाणं आणि ते वाजवणारं यंत्र यांची ताटातूट होते, ही चिंता आपली एकट्याची नाही. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, आणि तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या लोकांनी तबकडीबरोबर वाजवायची सुईही पाठवली, आणि ती कशी लावायची त्याची आकृती झाकणावर कोरली. आपण मात्र घरातला चालू टेपरेकॉर्डर भंगारात देतो आणि कॅसेटी ठेवतो! कॅसेटी भरून होईपर्यंत तो देऊ नका.

अजून एक अडचण आहे, तिच्याकडे विकणारे आणि विकत घेणारे दोघेही दुर्लक्ष करतात. गाणं शोधायचं कसं? ही सगळी यंत्रं पाश्चात्त्य तबकडीच्या हिशेबाने विचार करतात: कलाकार, अल्बम, गाण्याचं नाव. आपण असा विचार करत नाही. आपल्याला पहाटे ललत हवा असतो, कोणाचाही चालेल. किंवा मल्लिकार्जुन मन्सूरांचा एखादा अनवट राग हवा असतो आणि अल्बम कोणता याच्याशी कर्तव्य नसतं. भजनाला तर अल्बम कुठला? तिथे गाव, साल, मंडळ आणि निमित्त या गोष्टी लागतात. फ्लॅक फाइलमध्ये आपले स्वतःचे रकाने घालता येतात: राग, ताल, गाव. रकान्याचं नाव रोमन अक्षरांत द्यावं लागतं, आतला मजकूर देवनागरीत चालतो. आता मेख अशी की बऱ्याच स्ट्रीमरची ॲपं हे जादा रकाने वाचतच नाहीत. फूबार वाचतं, लिरिअनला वाचायला लावता येतं. डबीवर छोटा पडदा असेल तर विकत घेण्याआधी एक फाइल देवनागरी नावाने पेनड्राइव्हवर नेऊन लावून बघा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर दुकानातच कळलेलं बरं.

तसंच, कीर्तन किंवा मैफल अनेक तुकड्यांत कापलेली असेल तर दोन तुकड्यांच्या मध्ये यंत्र थांबतं का, तेही तिथेच बघा. गजर चढत असताना अर्ध्या सेकंदाची शांतता म्हणजे पंगतीत वाढता वाढता कोणी दिवा घालवावा तसं. आणि ज्या ऑनलाइन सेवांची नावं खोक्यावर छापलेली असतात, त्यांतल्या किती भारतात चालतात ते विचारा. इंग्लंड-अमेरिकेतली परीक्षणं वाचून डबी मागवली जाते, आणि जिच्यासाठी मागवली ती सेवा इथे मिळतच नाही.

तर निर्णय. ज्यांच्याकडे स्वतःचं भरलेलं काही नाही, फक्त सेवेवरची गाणी ऐकायची आहेत, आणि घरात कॉम्प्युटरला हात न लावणारी माणसं आहेत, त्यांनी साधा स्ट्रीमर घ्यावा. महागडा नको, कारण तो गाढव आहे. पैसे स्पीकरवर घाला. पण पेनड्राइव्ह किंवा घरातली हार्ड डिस्क वाचणारा घ्या, आणि खातं न उघडता चालतो का ते बघा.

ज्यांच्याकडे पिशवी आहे त्यांनी आधी कॉम्प्युटर घ्यावा. कार्यालयांतून निघालेले छोटे पीसी जुन्या बाजारात मिळतात, या कामाला ते पुरेसे आहेत. त्यात भरा, नावं घाला, रकाने करा. तोच कॉम्प्युटर पुढे घरातला साठा म्हणून आतल्या खोलीत राहू शकतो, पंखा तिकडे फिरू दे. बैठकीत मग डबी ठेवा. फार पैसे नसतील तर रास्पबेरी पायवर व्होल्युमिओ किंवा पायकोअरप्लेअर टाकून मुलं ती तासाभरात घरीच बनवून देतात. साठवण्याचं यंत्र एक आणि ऐकण्याचं दुसरं. यात ॲरिस्टॉटलचं समाधान होतं की ट्युरिंगचं, ते तुम्ही ठरवा.

लोहाऱ्याच्या त्या गृहस्थांच्या कॅसेटींपैकी अकरा आजवर भरून झाल्या आहेत. काम सावकाश चाललं आहे, कारण यंत्र भरतं पण माणसं ओळखत नाही. प्रत्येक बाजू लावून गावातल्या दोघा-तिघांना ऐकवावी लागते. पखवाज कोणाचा, पेटी कोणाची, मागे खोकतंय कोण, हे तेच सांगू शकतात, आणि सांगणाऱ्यांत सगळ्यांत धाकटे आता पासष्टच्या पुढचे आहेत. तुमच्या घरी अशा कॅसेटी असतील तर ध्वनी भरायच्या आधी वहीत नावं लिहून घ्या. टेप आणखी पाच-दहा वर्षं टिकेल कदाचित. पुढच्या वेळी प्रश्नोत्तरं घेऊ, त्यात डॅकविषयी ज्यांनी विचारलंय त्यांना उत्तर मिळेल.